खेळ मांडायला कोण शिकवणार?

मे महिन्यातल्या संध्याकाळी धायरीत दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक पाण्याच्या टँकरचा आणि दुसरा फाट्याकडे खोळंबलेल्या वाहनांच्या हॉर्नचा. गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी या दोन्हींच्या वरताण असा तिसरा आवाज आला, म्हणून मी दार उघडले. समोरच्या फ्लॅटमध्ये बापलेकांचे वाजले होते.

मुलगा नुकताच बारावी झालेला. बापाचे नऱ्ह्यात छोटे वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. मला बघताच बाप म्हणाला, ''सर, तुम्हीच सांगा याला. इंजिनिअरिंगला जा म्हणतोय, तर नाही म्हणतो. याला म्हणे गेम डिझाइन शिकायचंय. फी बघा, काही लाखांत आहे. आजवर खेळला ते पुरे झालं नाही, आता खेळ करायला शिकायचंय!''

मी पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलांच्या भवितव्याचा निवाडा आपोआप माझ्याकडे येतो. एरवी मी काहीतरी मधले उत्तर देऊन सुटका करून घेतो. त्या दिवशी मात्र मुलालाच विचारले, ''कसला गेम करणार तू?'' त्याने उत्साहाने लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक किल्ला होता. बुरूज, धुके, मशाल, त्या मशालीची भिंतीवर हलणारी सावली. खरोखर देखणे काम होते. मी म्हणालो, ''सुरेख. पण यात खेळ कुठाय?'' तो म्हणाला, ''तो नंतर टाकायचा, सर.''

त्या 'नंतर टाकायचा'पाशी मी अडकलो. हा लेख त्याच शब्दांबद्दल आहे.

बापाची बाजू आधी मांडतो, कारण ती अगदीच हट्टाची नाही. धायरी म्हटले की पुष्कळ पुणेकरांना डीएसके विश्व आठवते. ती वसाहत उभारणाऱ्या बांधकाम समूहानेच २००८ मध्ये फ्रान्समधल्या व्हॅलेन्सियेन येथील सुपिन्फोकॉम या नामांकित विद्यालयाशी करार करून पुण्याजवळ फुरसुंगीला ॲनिमेशनचे आणि व्हिडिओ गेमचे शिक्षण सुरू केले होते. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, परदेशी अध्यापक, मोठे आवार. भारतात त्या वेळी गेम रचण्याचे असे पूर्णवेळ शिक्षण देणाऱ्या संस्था बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे तो समूह आर्थिक संकटात सापडला आणि विद्यालयही टिकले नाही. माझा शेजारी म्हणतो, ''सर, इमारत एवढी मोठी, नाव एवढं मोठं, आणि तरी ते राहिलं नाही. मग गल्लीतल्या दुसऱ्या मजल्यावर चालणाऱ्या क्लासवर मी कसा विश्वास ठेवू?'' याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते नाही.

पण शेजाऱ्याच्या मनात आणखी एक समजूत होती आणि ती त्याच्या एकट्याची नाही. खेळ ही खेळण्याची गोष्ट, करण्याची नव्हे. खेळ आपोआप असतात, डोंगरासारखे. कोणीतरी बसून, डोके खाजवून, खोडरबर वापरून ते केलेले असतात हे आपल्या मनातच येत नाही. आणि हे आपण पुण्यात राहून म्हणतो, याची मला गंमत वाटते.

खो-खोचेच बघा. महाराष्ट्रात तो किती जुना, हे कोणी सांगू नये; पण आज आपण खेळतो तो खो-खो पुण्यात नियमबद्ध झाला. डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये त्याचे नियम बांधले. नियम बांधले म्हणजे काय केले, याचा आपण कधी विचार करत नाही. पाठलाग करणाऱ्याला मागे वळायची बंदी. एकदा एका खांबाची दिशा धरली की त्या खांबापर्यंत त्याच दिशेने. मधली पाटी ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र सगळे मैदान मोकळे. तो बसलेल्यांच्या मधून हवा तसा नागमोडी जाईल. म्हणजे एकट्या माणसाने पळणाऱ्याला पकडणे जवळजवळ अशक्य करून ठेवले आहे. मग पकडायचे कसे? तर बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचे. आठ जण एकाआड एक, विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले; त्यांतला नेमका कोण उठला तर पळणारा कोंडीत सापडेल, हे धावता धावता ठरवायचे. एका माणसावर बंदी घातली आणि त्या बंदीतून नऊ जणांचे एक शरीर तयार झाले. खर्च किती? दोन खांब आणि चुन्याची फक्की.

हे कोणाला आकाशातून सुचलेले नाही. कोणीतरी मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिले असणार, की वळायला परवानगी दिली तर खेळ नुसत्या शिवाशिवीचा होतो, आणि पाटी ओलांडू दिली तर पळणारा दोन क्षणांत बाद होतो. नियम बदलायचा, पुन्हा खेळवायचा, पुन्हा पाहायचा. खेळ रचणे म्हणतात ते हेच. २०२२ मध्ये बालेवाडीला अल्टिमेट खो-खोची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा त्यात 'वझीर' आणला. त्याला कोणत्याही दिशेने धावता येते. माझ्यासारख्या जुन्या माणसाने पहिल्या दिवशी नाक मुरडले. तिसऱ्या दिवशी टीव्हीसमोरून उठवेना. एका माणसाची बंदी उठवल्यावर बाकीच्यांच्या बंदीला केवढी धार येते, हे मला साठी उलटल्यावर कळले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत जिंकला. टाळ्या आपण खेळाडूंसाठी वाजवल्या, त्या योग्यच होत्या. नियम लिहिणाऱ्यांसाठी मात्र कोणी वाजवल्या नाहीत.

जाता जाता, बॅडमिंटनलाही एकेकाळी 'पूना' म्हणत. एकोणिसाव्या शतकात इथल्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे सुरुवातीचे नियम केले. आपल्या गावाच्या पाण्यातच हा गुण असावा. पाणी वेळेवर येत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि खेळ रचणे हा शिकवण्याचा विषय आहे का, असे विचारणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला व्यायामशिक्षक तयार करणारी एक शाळा होती. १८९१ च्या हिवाळ्यात तिथली मुले बंद व्यायामशाळेत कवायतीला कंटाळून दंगा करू लागली. जेम्स नेस्मिथ नावाच्या तरुण शिक्षकाला वरिष्ठांनी सांगितले, चौदा दिवसांत घरात खेळता येईल असा खेळ तयार कर. त्याने फुटबॉल आत आणून पाहिला; मुले एकमेकांवर आदळू लागली. मग त्याने विचार केला, की माणसे आदळतात का? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचे असते म्हणून. मग चेंडू घेऊन पळायचेच नाही! आणि गोल जमिनीवर असला की जोरात मारावेसे वाटते. तो डोक्याच्या वर टांगला की अलगद टाकावा लागतो. पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, तेरा नियम कागदावर लिहून लावले आणि बास्केटबॉल सुरू झाला. यात कुठेही प्रतिभेचा साक्षात्कार नाही. गणितातल्या सिद्धतेसारखी एकामागून एक पायरी आहे. आणि जे पायरीपायरीने होते ते शिकवता येते, एवढे मी माझ्या नोकरीवरून सांगू शकतो.

तर मी शेजाऱ्याला म्हणालो, ''फॉर्म भरायला अजून महिना आहे ना? मला पाच रविवार द्या.'' आणि मुलाला म्हणालो, ''लॅपटॉप घरी ठेवायचा. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं, फासा, कवड्या आणि खडू घेऊन ये.'' त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सोसायटीच्या हॉलमध्ये इमारतीतली दहा-बारा मुले जमली. सुटीत तशीही ती पायात घोटाळत असतात.

विषय मुलांनीच निवडला. टँकर. दुसरा कोणता सुचणार? कॅलेंडरच्या पानावर गोल रस्ता काढला, कडेने चार इमारती, प्रत्येक इमारतीला सहा घरांची टाकी. फासा टाकला की टँकर रस्त्यावर तेवढी घरे पुढे जाणार, ज्याच्या दारात थांबेल त्याच्या टाकीची तीन घरे भरणार. प्रत्येक फेरीला प्रत्येकाचे एक घर पाणी संपणार. टाकी कोरडी पडली की तो बाद. मुलगा खूश होता. अर्ध्या तासात खेळ तयार!

मी एकच अट घातली. खेळ ज्याने केला त्याने खेळायचे नाही आणि तोंडातून अक्षर काढायचे नाही. बाजूला बसून फक्त पाहायचे. हे त्याला फार जड गेले. दोन मिनिटांत ''अगं तसं नाही, फासा आधी टाकायचा,'' म्हणून तो मध्ये पडला. मी ओठांवर बोट ठेवले. पुन्हा पाच मिनिटांनी तेच. त्याला वाटत होते मुले चुकताहेत. मला वाटत होते त्याने नियम नीट लिहिलेले नाहीत.

डोंगराकडच्या टोकाची इमारत एका दहा वर्षांच्या मुलीकडे आली होती. टँकर तिच्यापर्यंत पोहोचेचना. पाचव्या फेरीला तिची टाकी शून्यावर आली, ती बाद झाली. बाकीचे वीस मिनिटे खेळत राहिले. ती थोडा वेळ बसली, फासा सरकला तर उचलून देऊ लागली, मग उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मुलाचे लक्षच नव्हते. कोण जिंकतो याकडे तो पाहत होता. मी त्याला खुणेने खिडकी दाखवली.

''ती हरली, सर.''

''हरली ते ठीक आहे. पण हरल्यावर तिला करायला काय ठेवलंस?''

तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी त्याने नियम बदलून आणला. कोरडा पडलेला शेजाऱ्याकडे पाणी मागू शकतो. झाले! मुलांनी एकमेकांना पाणी द्यायला साफ नकार दिला. का द्यावे? देणाऱ्याला काय मिळणार? भांडणे झाली, एकाने पट उचलून फेकला. हा रविवार मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मुलगा घरी जाऊन म्हणाला म्हणे, मुले स्वार्थी आहेत. तिसऱ्या रविवारी तोच म्हणाला, ''सर, मुलं स्वार्थी नाहीत. माझ्या नियमात देणारा हरत होता.'' मग त्याने ठरवले, की जो पाणी देईल त्याला पुढच्या फेरीत टँकर एक घर मागेपुढे करायचा हक्क. त्या दिवशी हॉलमधला आवाज बदलला. सौदे सुरू झाले, विनवण्या, 'मागच्या वेळी मी दिलं होतं' अशा आठवणी. खिडकीशी जाऊन उभी राहिलेली मुलगी त्या दिवशी जिंकली नाही, पण शेवटपर्यंत पटापासून हललीही नाही.

मी नागरिकशास्त्र शिकवले नाही, पण ते शिकवणाऱ्या सहकाऱ्यांचे तास वर्षानुवर्षे शेजारच्या वर्गातून ऐकले. कायदा म्हणजे काय, तो न्याय्य केव्हा असतो, चांगल्या माणसांनाही वाईट नियम कसा वाईट वागायला लावतो, हे सांगायला त्यांना धडेच्या धडे लागत. इथे एका मुलाला ते तीन रविवारांत, स्वतःच्या चुकीतून कळले.

खेळाचा नियम जगाबद्दल काहीतरी म्हणत असतो, हे जुन्या माणसांना चांगले ठाऊक होते. आपल्याकडे सापशिडीचा मूळ पट म्हणजे मोक्षपट. तो ज्ञानेश्वरांनी केला अशी परंपरेची श्रद्धा आहे. पुराव्याची गोष्ट संशोधकांकडे सोपवू. पण तशा बऱ्याच जुन्या पटांत साप जास्त आणि शिड्या कमी असत, सापांना दुर्गुणांची नावे आणि शिड्यांना सद्गुणांची. पडणे सोपे, चढणे अवघड, हे प्रवचन न देता सांगितलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि तिथे साप-शिड्यांची संख्या बरोबरीला आली. नियम बदलला आणि खेळाचे तत्त्वज्ञानच बदलले.

दुसरे उदाहरण आपल्या घराघरांतल्या 'व्यापार'चे. सुटीत पत्त्यांच्या जोडीने तो कपाटातून निघतो. त्याचे मूळ ज्या अमेरिकन मोनॉपॉलीत आहे, तिच्याही मागे एक बाई आहे. लिझी मॅगी तिचे नाव. जमिनीच्या भाड्यावर काही थोडे लोक श्रीमंत होतात आणि बाकीचे कंगाल होतात, हे लोकांना समजावे म्हणून तिने 'लँडलॉर्ड्स गेम' रचला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तिने त्याला नियमांचे दोन संच केले होते. एकात सगळ्यांची भरभराट होते, दुसऱ्यात एकजण इतरांना गिळतो. पुढे त्याच खेळावरून बेतलेली मोनॉपॉली पार्कर ब्रदर्सने १९३५ मध्ये बाजारात आणली. ती दुसऱ्याच्या नावावर आली. तिच्या पेटंटचे तिला ५०० डॉलर मिळाले. दोन संचांपैकी गिळण्याचा तेवढा जगभर पोहोचला. धायरीत राहून ही गोष्ट वाचताना मला हसू आले आणि नंतर आले नाही. इथे गुंठ्याचे प्लॉट झाले, प्लॉटच्या इमारती झाल्या, त्या आमच्या डोळ्यांदेखत. आणि आमची मुले संध्याकाळी त्या इमारतींत बसून व्यापारच खेळतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. ती तितकी गोड नाही.

आमच्या गल्लीतल्या एका तरुणाने मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात पैसे घालवले. आधी पगार, मग मोटारसायकल, मग बहिणीच्या लग्नाला काढून ठेवलेले. ते ॲप कोणते, याला महत्त्व नाही. तशी ढीगभर होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी घातली. चांगले झाले. पण मला प्रश्न पडतो तो असा, की त्या तरुणाला रात्री दोन वाजता उठू न देणारा तो खेळ कोणीतरी रचलेला होता. हरता हरता मध्येच थोडे जिंकवायचे, किती वेळाने जिंकवायचे, हरल्यावर पडद्यावर कोणता रंग दाखवायचा, हे कोणा हुशार मुलाने किंवा मुलीने टेबलाशी बसून ठरवले होते. कदाचित चांगल्या संस्थेत शिकलेल्या. मी खिडकीशी उभ्या राहिलेल्या मुलीसाठी जो प्रश्न विचारला, 'ती उठून का गेली?', तोच प्रश्न त्या टेबलावरही विचारला जातो. कौशल्य तेच. हेतू तेवढा वेगळा.

पैसे न लावता खेळायच्या खेळांतही हे आहे. आत काय निघेल ते माहीत नसलेली पेटी मुलाने पैसे देऊन उघडायची, असा प्रकार कित्येक खेळांत असतो. बेल्जियमने २०१८ मध्ये त्याला सरळ जुगार ठरवले. आपल्याकडे आईबाप त्याला 'मोबाइलचं वेड' म्हणतात आणि मुलाला रागावतात. वेड मुलाच्या डोक्यात आहे खरे, पण त्याचे आराखडे दुसरीकडे काढले गेलेले असतात.

म्हणून माझे मत असे आहे, की गेम डिझाइन शिकवू नये असे नाही, उलट ते अधिक लोकांना आणि फार लवकर शिकवावे. ज्याने एकदा स्वतः नियम करून दुसऱ्याला खेळवले आहे, त्याला दुसऱ्याने केलेल्या नियमातला गळ दिसू लागतो. जादूगाराचा हात कुठे जातो हे माहीत असलेला प्रेक्षक वेगळा असतो. सहावी-सातवीच्या वर्गात वर्षातून सहा तास मुलांना खेळ रचायला द्या. काही लागत नाही. आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षे काड्या, जुनी रिफिले आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबमधून मुलांना विज्ञान शिकवले, ते याच शहरात. मग कवड्या आणि खडूतून खेळ का नाही शिकवता येणार?

सरकारही या क्षेत्राकडे वळले आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्राने ॲनिमेशन, गेमिंग वगैरेंसाठी धोरण मंजूर केले, मुंबईत त्यासाठी राष्ट्रीय पातळीची संस्था सुरू झाली. आनंद आहे. पण या धोरणांची भाषा गुंतवणूक आणि रोजगाराची आहे. किल्ला, धुके आणि मशालीची सावली करणारे हात हवेत, असे ती म्हणते. ते हात लागतातच. त्यांना काम मिळते आणि मिळावे. माझी भीती एवढीच, की परदेशातल्या कोणीतरी रचलेल्या खेळाला आमच्या मुलांनी नुसते रंग भरायचे, 'खेळ नंतर टाकायचा' तो दुसऱ्याने टाकायचा, अशीच वाटणी कायम राहील.

वेगळे होऊ शकते, याचेही उदाहरण पुण्यातच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, भोवती राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैलीतले रंग. लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी तो पुरा केला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्तम खेळांच्या शेवटच्या पाचांत त्याचे नाव होते. मी तो खेळू शकलो नाही, माझी बोटे चालत नाहीत. शेजारच्या मुलाने खेळून दाखवला, मी पाहिला.

माझ्या शेजाऱ्याने मग सरळ विचारले, ''सर, ते सगळं खरं. पण पैसे भरू का नको?'' मी म्हणालो, त्या संस्थेत जा आणि तीन गोष्टी विचारा. पहिल्या सहामाहीत कॉम्प्युटर बंद करून किती दिवस काम करतात? मुलाने केलेला खेळ अनोळखी माणसांना किती वेळा खेळवतात आणि त्याला गप्प बसवून पाहायला लावतात? आणि त्यांची मागची मुले सध्या नेमकी काय करतात? हे भिंतीवरच्या फोटोंवरून कळणार नाही, त्या मुलांना फोन करून विचारा. सॉफ्टवेअरची नावे सांगू लागले तर चहा घेऊन परत या. सॉफ्टवेअर दोन वर्षांत बदलते.

शेजारी ऐकत होता, पण पटले आहे असे दिसेना. मग मी त्याच्याच धंद्यातला दाखला दिला. ''नवं ड्रॉइंग आलं की पहिला पीस बरोबर येतो का तुमचा?''

''पहिला कसा येईल? पहिला काढायचा, गेज लावायचं, मग सेटिंग बदलायचं.''

''हा पोरगा तेच शिकायचं म्हणतोय. फक्त याचं गेज म्हणजे माणूस.''

तो जरा थांबला. ''मग त्याला रिजेक्शन किती येईल?''

''पहिली दोन वर्षं सगळंच.''

यावर तो मनापासून हसला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

पाचव्या रविवारी एक अडचण उरली होती. टँकरचा खेळ संपतच नव्हता. सौदे इतके रंगले की तास उलटून गेला तरी कोणी बाद होईना. मोठ्या मुलांना ते आवडले होते. ''सर, असाच चालू राहू दे, मजा येते.'' मी मुलाकडे पाहिले. या वेळी मी काहीच सुचवणार नव्हतो. त्याने बराच वेळ डोके खाजवले आणि पत्त्यांचा छोटा गठ्ठा केला. दर फेरीला एक पत्ता उलटायचा, प्रत्येकावर उन्हाळ्याचा एक दिवस. तळाच्या चार पत्त्यांत कुठेतरी एक पत्ता पावसाचा. तो निघाला की खेळ संपला, सगळ्यांच्या टाक्या भरल्या, ज्याच्याजवळ आधी जास्त पाणी होते तो जिंकला. म्हणजे कधी संपणार ते नक्की माहीत नाही, पण संपणार हे नक्की. मी विचारले, ''मुलं तर खेळत बसायला तयार होती. मग संपवलास कशाला?'' तो म्हणाला, ''आठ वाजता सगळ्यांना जेवायला हाका येतात ना, सर.''

त्या दिवशी बापही खाली आला होता, वर्कशॉपचे ग्रीस लागलेल्या हातांनीच. एक खेळाडू कमी होता, म्हणून तो बसला. त्याला डोंगराकडची इमारत मिळाली. तिसऱ्या फेरीला त्याची टाकी जवळजवळ कोरडी. तो उसळून म्हणाला, ''अरे, हे बरोबर नाही! खालच्या इमारतीनं दोनदा टँकर घेतला तर तिसऱ्यांदा त्यांना दुप्पट मोजायला लावलं पाहिजे. असा नियम का नाही केलास?''

मुलगा भिंतीला टेकून वही घेऊन बसला होता. त्याने ते वहीत लिहून घेतले आणि बापाकडे बघून ओठांवर बोट ठेवले.